चतुःसीमेसह सांकेतिक शब्द

मंदाताईंचे घर माझ्या अर्जामुळे गेले, ही बाब मी प्रारंभीच नमूद करतो. म्हणजे पुढे मी माझ्या बाजूने काही मांडू लागलो, तर वाचकाने ते तितक्याच सावधपणे वाचावे. मी स्वतः कोणाचेही लिहिलेले सावधपणेच वाचतो. वसईच्या तहसील कचेरीबाहेर गेली अनेक वर्षे मी लोकांचे अर्ज लिहीत बसलो आहे, आणि ज्या अर्जाच्या पहिल्या ओळीत गयावया असते त्याच्या शेवटच्या ओळीत हमखास काहीतरी दडवलेले असते, असा माझा अनुभव आहे.

त्या काळी आम्ही विरार पूर्वेला चंदनसारमध्ये एका चार मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहत होतो. घरात अण्णा, आई, माझी थोरली बहीण सुनंदाताई आणि मी. मला मिसरूड फुटून बरीच वर्षे झाली होती, तरी बारावीची परीक्षा दोनदा हुकल्यामुळे घरात माझी गणना अद्याप मुलांतच होत असे. अण्णा अर्जनवीस होते. पहाटे आंघोळ झाली की ते स्वयंपाकघराच्या दाराशी पाटावर टंकयंत्र मांडून बसत आणि आदल्या दिवशी घेतलेली कामे पुरी करीत. एका बाजूने त्या यंत्राची टकटक, दुसऱ्या बाजूने आईच्या कुकरच्या शिट्ट्या आणि खाली टँकर आला की पाण्याच्या पंपाची घरघर, अशा त्रिविध आवाजात आमची सकाळ उजाडे. आई वालाचे बिरडे करी तेव्हा सोललेल्या वालांचा उग्र हिरवा वास अण्णांच्या कागदांनाही लागे. एकदा एका कारकुनाने अर्ज नाकाशी धरून ‘आज तुमच्याकडे बिरडं दिसतं’ असे म्हटले होते, आणि अण्णांनी त्या कारकुनाशी महिनाभर अबोला धरला होता. घरातील गोष्ट घराबाहेर जाणे त्यांना मुळीच खपत नसे.

अण्णांनी मला जे शिकवले, तेवढेच माझे शिक्षण. त्यात एक सूत्र मुख्य होते: ज्या वस्तूबद्दल लिहायचे तिचे वर्णन पूर्ण असले पाहिजे. म्हैस असेल तर शिंगे, रंग, कपाळावरचा चांद. जमीन असेल तर गट क्रमांक आणि चतुःसीमा. ‘वर्णन अपुरं राहिलं की वस्तू तुझी राहत नाही,’ असे ते म्हणत, ‘समोरचा उभा राहून म्हणतो, ही ती म्हैस नव्हेच.’ आणि दुसरे सूत्र असे, की दिलेल्या प्रत्येक कागदाची पोच घ्यावी. शिक्का आणि सही असलेली दुय्यम प्रत हातात नसेल, तर ती घटना घडलीच नाही असे समजावे. ही दोन्ही सूत्रे आजही खरी आहेत. ती चुकीच्या ठिकाणी लावली, हा दोष सूत्रांचा नाही.

त्या वर्षी सुनंदाताई आमच्याच इमारतीच्या जिन्यावरून घसरली आणि तिचा घोटा मोडला. ती अंधेरीला एका कंपनीत डॉक्टरांनी बोललेले ऐकून ते टंकित करण्याचे काम करी. कंपनीने तिला घरून काम करण्याची मुभा दिली. मात्र रोज दुपारी चारच्या आत सर्व फायली पोहोचल्या पाहिजेत, अन्यथा तिची जागा दुसऱ्या मुलीला देण्यात येईल, असे बजावले. म्हणून आमच्या घरी इंटरनेट आले. केबलचे काम करणारा दिनेश एक चपटी पांढरी पेटी घेऊन आला आणि आईच्या संमतीने ती देवघराच्या फळीशेजारी, कपाटावर बसवून गेला. पेटीला दोन शिंगे होती आणि चार हिरवे दिवे लुकलुकत. आईने पहिल्याच दिवशी तिला हळदकुंकू लावले. त्यातले थोडे एका दिव्यावर गेल्याने तो दिवा पुढे कायम तांबडट दिसे, आणि मी कित्येक दिवस तो धोक्याचा इशारा समजत होतो.

“पासवर्ड ठेवलाय एक ते आठ,” दिनेश जाताना म्हणाला. “बदलून टाका नंतर. नाहीतर अख्खी बिल्डिंग फुकट चालवेल.”

“म्हणजे भिंतीतून जातं हे बाहेर?” मी विचारले.

“भाऊ, हवेतून जातंय. भिंत काय करणार?”

हे वाक्य माझ्या डोक्यात रुतले. आमच्या घरातून, आमच्या पैशाची, आमच्या देवघराशेजारची वस्तू भिंतीतून अखंड बाहेर झिरपत आहे आणि ती कोण ओंजळीत धरतो ते दिसत नाही, या कल्पनेने माझी झोप कमी झाली. पहिला आठवडा बरा गेला. दुसऱ्या आठवड्यात ताईच्या फायली दुपारी तीननंतर जागच्या हलेनात. ती पाय उशीवर ठेवून लॅपटॉपकडे पाहत बसे आणि तिच्या कपाळावर घाम साचे. “संत्या,” ती म्हणायची, “कोणीतरी आपली लाईन खातंय रे.” एकदा तिला चारला सात मिनिटे उशीर झाला आणि कंपनीतून फोन आला. आईने तिच्यासमोर चहा ठेवला तो तसाच निवला.

मी उपाय हाती घेतला. दिनेशने दाखवल्याप्रमाणे सांकेतिक शब्द बदलला. नवा शब्द मी विचारपूर्वक निवडला: ‘सदरहू’, रोमन लिपीत, आणि त्यापुढे चार आकडे. परंतु माझ्या दृष्टीने काम तेवढ्यावर पूर्ण होत नव्हते. उद्या कोणी म्हणाले की ही जोडणी आमचीच आहे, तर? म्हणून मी सोसायटीच्या सचिवांना रीतसर पत्र लिहिले. विषय: तिसऱ्या मजल्यावरील बिनतारी जोडणीची मालकी जाहीर करणे व अनधिकृत वापरास मनाई करणेबाबत. मजकुरात जोडणीचे नाव दिले, सांकेतिक शब्द दिला, ‘पहिले अक्षर मोठे, उर्वरित लहान, त्यापुढे आकडे अनुक्रमे येणेप्रमाणे’ असा खुलासा केला आणि अण्णांच्या सूचनेवरून चतुःसीमाही लिहिल्या: पूर्वेस जिना, पश्चिमेस गॅलरी, उत्तरेस देवघर, दक्षिणेस मंदाताईंचा दरवाजा. अण्णांनी मसुदा दोनदा वाचला. “वर्णन चोख आहे,” ते म्हणाले. त्यांच्या तोंडून माझ्या लिखाणाबद्दल निघालेला तो पहिला चांगला शब्द होता, हेही मी येथे नमूद करू इच्छितो.

सचिव परब यांनी पत्रावर शिक्का मारला, पोच दिली आणि सोसायटीच्या नियमानुसार ते पत्र तळमजल्यावरच्या काचेच्या फलकात पंधरा दिवसांसाठी लावले. आलेले प्रत्येक पत्र हरकतींसाठी तेथे लागत असे. मी रोज जाता-येता फलकासमोर थांबून माझे पत्र पाही. काचेला कुलूप होते. माझ्या पत्राला कोणी हात लावू शकत नाही, याचे मला समाधान वाटे.

आज लोक मला हसतात तेव्हा मी त्यांना सांगतो, की माझ्या टेबलाशी रोज किमान चार माणसे येऊन मोबाईलवर आलेला गुप्त आकडा भर गर्दीत मोठ्याने वाचून दाखवतात, आणि मी ‘हळू’ म्हटले तर ‘साहेब, ऐकू येत नाही का?’ असे विचारून आणखी मोठ्याने वाचतात. मी स्वतः आता दर शनिवारी घरचा सांकेतिक शब्द बदलतो आणि तो कोठेही लिहीत नाही. पत्नीलाही मी तो सांगत नाही. तिच्या फोनवर मीच टाइप करून देतो, आणि त्या वेळी तिला खिडकीबाहेर पाहायला लावतो. तिला याचे वाईट वाटते. वाटो.

असो. नवा शब्द ठेवल्यावर दोन दिवस जोडणी वाऱ्यासारखी धावली. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी शब्द पुन्हा बदलला आणि अर्थातच सचिवांना दुरुस्तीपत्र दिले: ‘पूर्वीच्या पत्रातील सांकेतिक शब्दाऐवजी खालील शब्द वाचावा.’ पुन्हा दोन दिवस शांतता, पुन्हा मंदगती; मग तिसरा शब्द, दुसरे दुरुस्तीपत्र आणि पुन्हा तेच. आता मात्र माझी खात्री पटली, की चोर घरात डोकावतो आहे. मी पेटीच्या आतल्या पानावर जाऊन जोडलेल्या यंत्रांची यादी पाहू लागलो. आमचे यंत्र एक, आणि यादीत त्याखेरीज आणखी सात! प्रत्येकापुढे आकडे आणि अक्षरे यांची एक लांब माळ असे. त्या सर्व माळा मी वहीत उतरवून घेतल्या, वेळेसह. दिनेशवर संशय घेतला. आईवर घेतला, कारण ती गॅलरीतून सर्वांशी बोले. एके रात्री ताई झोपेत बडबडत तर नाही ना, हे ऐकत मी तिच्या पलंगाशी बसलो, तेव्हा तिने डोळे न उघडता उशी माझ्या अंगावर फेकली.

मग एका दुपारी मी ताईचा लॅपटॉप हातावर धरून इमारतभर फिरलो आणि सिग्नलच्या रेघा मोजल्या. गच्चीवर एक. दुसऱ्या मजल्यावर तीन. आणि आमच्या समोरच्या दारात, मंदाताईंच्या उंबऱ्यावर, पाचच्या पाच. मी तेथे थबकलो. जिथे पाणी सर्वांत जास्त साचते तिथेच गळती असणार, असा विचार मी केला. ते दार आमच्या कपाटापासून सर्वांत जवळचे होते, एवढाच त्याचा अर्थ होता. परंतु संशयी माणसाला मोजमाप मिळाले की त्याला पुरावा मिळाल्याचा आनंद होतो.

मंदाताई कोण, हे सांगितले पाहिजे. त्या किनाऱ्याकडच्या एका मिठागराच्या गावच्या; नवरा मचव्यावर खलाशी, महिना-महिना बाहेर. समोरच्या घरात त्या अकरा महिन्यांच्या करारावर भाड्याने राहत आणि सुकी मासळी विकत. आम्ही राहायला आलो त्याच दिवशी त्यांनी तांदळाच्या भाकरी आणि सोड्यांचे कालवण आणून दिले होते. आई ताट रिकामे परत करणारी नव्हती; तिने त्यात घावन घातले. तेव्हापासून ते ताट दोन घरांत ये-जा करीत राहिले, आणि ताटासोबत मंदाताई. त्या थेट स्वयंपाकघरापर्यंत येत आणि कपाटावरच्या पेटीकडे पाहून म्हणत, “हा तुमचा नवा देव काय प्रसाद देतो का नाय?” पूर्वी मी या वाक्याला हसलो होतो. आता तेच वाक्य मी वहीत तारीखवार लिहून ठेवले. त्यांच्याकडे गावाहून माणसे येत, प्रत्येकाच्या खिशात फोन असणार. सात यंत्रांचा हिशेब लागत होता. त्या सातांपैकी सहा यंत्रे मंदाताई बाजारात गेलेल्या असतानाही जोडलेली असत, ही नोंदसुद्धा त्याच वहीत माझ्याच अक्षरात आहे. मी ती लिहिली होती, वाचली नव्हती.

त्यांचा करार त्याच महिन्यात संपत होता. नवा करार करायचा तर सोसायटीचे ना हरकत पत्र लागे, आणि कोणाची लेखी तक्रार प्रलंबित असेल तर ते पत्र मिळत नसे. हे मला ठाऊक होते. ठाऊक असूनही, किंवा ठाऊक होते म्हणूनच, मी तक्रार अर्ज दिला. आईला मी हे सांगितले नाही. त्या दिवशी ताटात समोरून वाफाळते बोंबलाचे कालवण आले होते. मी ते जेवलो.

सभा रविवारी सकाळी गाड्या उभ्या करण्याच्या जागेत, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर झाली. परबांनी माझा अर्ज वाचला. तो चांगला लिहिला होता. वाचताना लोक माना डोलावत होते. पुढे-पुढे मला वाटू लागले, की काही जण जरा जास्तच खाली पाहत आहेत. अर्ज संपल्यावर मंदाताई उठल्या. त्यांनी पदराची गाठ सोडली आणि आतून एक बटणांचा फोन काढून हात उंच केला. त्याला रबर गुंडाळले होते.

“ह्या डबड्यात तुमचा नेट जातो का कोन सांगा मना. मी तर यात नवऱ्याचा आवाजच दोनदा ‘हॅलो’ केल्यावर ऐकते.”

लोक हसले. परब म्हणाले, “तुमचे पाहुणे येतात ना पण, वहिनी.”

“येतात. बोंबील घेऊन येतात. त्यांना पानी देते मी, नेट नाय.” मग त्या माझ्याकडे वळल्या. “संतोषा, तू माज्या घरात येऊन बघितला असता तर? दार काय लांब हाय?”

मी उत्तर देणार इतक्यात जिन्यावरून कुबडीचा आवाज आला. ताईचे प्लास्टर आदल्या दिवशी निघाले होते. महिन्याभरानंतर ती प्रथमच खाली उतरत होती, एकेक पायरी, कठडा धरून. सभेकडे येताना ती दम घ्यायला फलकाला टेकून उभी राहिली. तिने काचेतून आत पाहिले. मग चष्मा वर केला आणि पुन्हा पाहिले.

“संत्या,” ती म्हणाली, “हा आपला पासवर्ड आहे.”

तिने काचेवर बोट टेकवले.

“तिन्ही आहेत इथे! जुना, त्याच्यानंतरचा आणि आत्ताचा. पहिलं अक्षर मोठं, बाकीची लहान… अरे, तू काय वर्तमानपत्र काढलंयस?” ती खुर्च्यांकडे वळली. “आणि तुम्ही सगळे इतके दिवस इथून जाताय-येताय. परबकाका, तुम्ही तर ह्याला शिक्का मारलात.”

परबांनी घसा साफ केला. दुसऱ्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाईंनी आपला मोबाईल पिशवीत टाकला. मागून कोणीतरी म्हणाले, “लेखी दिलं होतं, तेव्हा आम्हाला वाटलं परवानगी आहे.” आणि मग जो हशा उठला तो खालच्या किराणा दुकानापर्यंत गेला असावा, कारण दुकानदार बाहेर येऊन पाहू लागला. एक मंदाताई तेवढ्या हसल्या नाहीत. त्या माझ्याकडे पाहत होत्या. आता हा काय म्हणतो, एवढेच त्यांना ऐकायचे होते.

मला फक्त इतके म्हणायचे होते, की तक्रार मागे घेतो. हे तीन शब्दांचे काम होते. मी अण्णांकडे पाहिले. ते शेवटच्या खुर्चीवर ताठ बसले होते आणि त्यांचा चेहरा उतरला होता, कारण ‘वर्णन चोख आहे’ हे त्यांचेच शब्द होते. लेखी निवेदन कधी माघारी घेऊ नये, मुदत मागावी, असे ते नेहमी म्हणत. मी उभा राहिलो आणि म्हणालो, “नव्याने समोर आलेल्या बाबी विचारात घेता, सदर तक्रार तूर्त प्रलंबित ठेवण्यात यावी.”

माझे वाक्य निर्दोष होते. परबांना ते सोयीचे वाटले. त्यांनी तसे इतिवृत्तात लिहून घेतले. तक्रार प्रलंबित, म्हणून ना हरकत पत्र प्रलंबित. मंदाताईंचा घरमालक दहिसरला राहत असे. त्याने फोनवर सर्व ऐकले आणि मला भानगड नको, असे म्हणून दुसरा भाडेकरू पाहिला. ताई माझ्याशी कित्येक दिवस बोलली नाही. फायली मात्र तिच्या आता वेळेवर जात होत्या, कारण सभेच्याच संध्याकाळी तिने स्वतः सांकेतिक शब्द बदलला आणि तो मलासुद्धा सांगितला नाही. आई एके सकाळी ताट घेऊन समोर गेली तेव्हा दाराला कुलूप होते. ती ते ताट हातात धरून बराच वेळ जिन्याशी उभी होती. मी आतून पाहत होतो. अजूनही मी लोकांकडे आतूनच पाहतो.

पुढे काही आठवड्यांनी अण्णांनी मला आपल्यासोबत कचेरीबाहेर बसायला नेण्यास सुरुवात केली. माझे काम केवळ कागद लावणे आणि शिक्क्याची शाई पाहणे. एका दुपारी अण्णा जेवायला गेले असता, टेबलासमोर सावली पडली. मी मान वर केली. मंदाताई होत्या. आता त्या तुळिंजला एका खोलीत राहत होत्या, हे त्यांनी मी विचारल्याशिवायच सांगितले.

“बाप कुठं गेला?”

“जेवायला. येतील अर्ध्या तासात.”

“मना एवढा टाइम नाय. टोपली दुसरीकडं ठेवून आलेय.” त्यांनी पिशवीतून शिधापत्रिका काढली. “पत्ता बदलायचाय. तू लिवतो ना?”

त्यांना त्या रांगेत आणखी तीन अर्जनवीस दिसत होते. त्या माझ्याचकडे का आल्या, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. सूड घ्यायला आल्या असतील, असे मी तेव्हा धरून चाललो, आणि तो कसा घेतात ते पाहत सावध बसलो. त्यांनी काही घेतले नाही. खुर्चीवर बसल्या, पदराने मान पुसली, आणि मी विचारत गेलो तसे सांगत गेल्या: नाव, नवऱ्याचे नाव, नवा पत्ता. जुना पत्ता मी न विचारताच लिहिला. मग रकाना आला: पत्ता बदलण्याचे कारण.

माझे पेन थांबले. वाहनांचे आवाज होते, शेजारच्या टेबलावर कोणीतरी वारसाहक्काबद्दल भांडत होते. मी त्यांच्याकडे न पाहता विचारले, “कारण काय लिहू?”

“तुला म्हाईत नाय?”

मी पेन पुन्हा रकान्यावर टेकवले.

“लिव की,” त्या म्हणाल्या. “खरं लिव, नायतर सरकारी लिव.”

मी ‘पूर्वीची जागा सोयीची नसल्यामुळे’ असे लिहिले. माझे अक्षर त्या दिवशीही सुरेख आले. मी कागद फिरवून त्यांच्यापुढे धरला आणि नियमाप्रमाणे पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचून दाखवला. कारणाच्या ओळीवर त्यांनी मला हाताने थांबवले.

“हे कुठलं रं? खरं का सरकारी?”

“सरकारी,” मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली, पेन मुठीत घट्ट धरून एकेक अक्षर जोडत सही केली, आणि पोच कोणत्या खिडकीवर मिळेल ते विचारले. मी उठून त्यांच्याबरोबर त्या खिडकीपर्यंत गेलो. दुसऱ्या कोणासाठी माझ्या हातून पूर्ण झालेला तो पहिला अर्ज. अण्णा परत आले तेव्हा मी त्यांना तो झाल्याचे सांगितले. कोणाचा, ते सांगितले नाही.